मी भुसावळ कसं बुडवलं

सांगू की नको, या विचारात चहा गार झाला माझा. पण आता बसलोच आहोत, आणि तुमच्यातलं कुणी उठायचं नाव काढत नाही, तर सांगून टाकतो. फक्त एक कबूल करा. हसायचं ते पोटात. आणि आमची ही भजी घेऊन बाहेर आली की ताबडतोब विषय बदलायचा, केळीच्या भावावर यायचं. कारण हा किस्सा ती माझ्यापेक्षा छान सांगते, आणि ती सांगायला लागली की मला घर सोडून जावंसं वाटतं.

तर ऐका. मी एका सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या अख्खं भुसावळ बुडवलं. हो, जंक्शनसकट! जोडीला रावेरही बुडवलं. आणि बुडवताना मला स्वतःचा इतका अभिमान वाटत होता की विचारू नका.

माझी हौस तुम्हाला माहीत आहे. गच्चीवर एक उंच खांब, खांबाच्या टोकावरून दोन्ही बाजूंना उतरलेली तांब्याची तार, हा माझा अँटेना. तिथून एक जाड केबल खाली खोलीत येते, माझ्या रेडिओला. हॅम रेडिओ म्हणतात त्याला. रीतसर परवाना आहे, चोरीचं काम नाही. तारेचं एक टोक आमच्या पाण्याच्या टाकीला बांधलंय, दुसरं शेजारच्या पुष्पाभाभींच्या गच्चीच्या कठड्याला, त्यांना विचारून. रोज सकाळी मी रेडिओ लावतो आणि भुसावळचे चौधरी सर, नागपूरचे एक डॉक्टर, इंदूरचे एक-दोन जण अशी आमची बैठक जमते. बोलतो काय? "तुमचा आवाज छान येतोय." "तुमचाही छान येतोय." संपलं. हिचं म्हणणं, एवढं सांगायला फोन पुरत नाही का? आता हिला कोण समजावणार!

आणि नोकरी माझी नेपानगरला, कागद कारखान्यात, इन्स्ट्रुमेंट खात्यात. वडील धुळ्याकडून तिथं आले, मीही तिथंच चिकटलो. आमचं सगळं काम काट्यांचं. टाकीत लगदा किती, वाफेचा दाब किती, बघायचं ते काट्यावर. टाकीत डोकावणारा माणूस आमच्यात अडाणी समजला जायचा. काटा सांगतोय ना, मग डोकावायचं कशाला? निवृत्त होऊन इथं बुऱ्हाणपूरला सिंधीपुऱ्यात घर बांधलं तरी सवय गेली नाही. हिला ताप आला तर मी कपाळाला हात लावत नाही, थर्मामीटर शोधत बसतो. त्यावरून घरात काय काय झालंय ते जाऊ द्या.

तर हिचा भाऊ वसंता. तापीकाठी केळीचा बाग आहे त्याचा. त्याची मुलगी पल्लवी, आमची फार लाडकी. मी तिच्या आत्याचा नवरा, म्हणजे फुवा. पोरीचं लग्न जमलं रावेरच्या मुलाशी. निखिल नाव. पोरगा इंजिनीअर, घर चांगलं, माणसं बोलकी. साखरपुडा आमच्याकडे ठरला, कारण वसंताच्या गावचा रस्ता पाहुण्यांना दाखवण्यासारखा नाही. वसंता, त्याची बायको रेखा आणि पल्लवी, तिघंही आदल्या दिवशीच आमच्याकडे येऊन उतरले. मावा जिलेबीची ऑर्डर दिली, रव्या-तुपाचा गोड दराबा आणला, आचारी ठरवला. आणि त्याच दुपारी आंधी आली!

काय आंधी होती हो! आभाळ आधी पिवळं झालं, मग तपकिरी. मागच्या गल्लीतल्या यंत्रमागाच्या शेडचे पत्रे डोळ्यांदेखत उडाले. एक पत्रा तर आमच्या अंगणावरून भिरभिरत गेला आणि हिनं मला कॉलर धरून आत ओढलं. मग पाऊस. आडवा! खिडक्या बंद असून अंथरुणं भिजली. लाईट गेली ती गेलीच. मोबाईलला एक काडी दिसेना. वसंताचं नशीब, बागेतले घड आधीच कापून गाडीत गेले होते, नाहीतर त्याला तिथंच चक्कर आली असती.

सकाळ उजाडली. ऊन एकदम स्वच्छ, जसं काही झालंच नाही! आणि घरात एकच प्रश्न. रावेरवाले येणार का? आंधी तिकडेही झाली का? फोन लागत नाही, विचारायचं कुणाला? वसंता अंगणात येरझाऱ्या घालतोय, रेखा दर दोन मिनिटांनी फोन हवेत उंच धरतेय.

आणि मग वसंता माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"दाजी, तुमचा तो रेडिओ बिना लाईटचा चालतो का हो?"

अहो, या एका प्रश्नासाठी मी किती वर्षं थांबलो होतो! ज्या रेडिओला या घरात 'ती खरखर' म्हणतात, त्याच्याकडे आज सगळं घर हात जोडून बघत होतं. छाती अशी फुगली माझी! मी मुद्दाम हळू उठलो. चष्मा पुसला.

"वसंता," म्हटलं, "अशा वेळेसाठीच तर असतो तो. बॅटरीवर चालतो. आत्ता भुसावळच्या चौधरी सरांना लावतो, ते रावेरला निरोप देतील."

"अहो, पण आधी गच्चीवर जाऊन तार बघून या ना," ही म्हणाली. "एवढी आंधी झाली."

आता गच्चीच्या जिन्याचं लाकडी दार पावसानं फुगून गच्च बसलं होतं. मी जरा ढकलून बघितलं, हललं नाही. अंगणात येऊन मान वर करून बघितलं, तर खांब ताठ उभा.

"उभा आहे खांब," मी म्हटलं. "आणि दार तोडायची गरज काय? आपल्याकडे मीटर आहे."

हे मीटर काय ते सांगतो, म्हणजे माझं दुःख तुम्हाला कळेल. रेडिओतून आपण जी शक्ती वर अँटेनाकडे पाठवतो, ती सगळी बाहेर जाते की काही परत फिरून येते, हे ते मीटर दाखवतं. परत जितकं कमी येईल तितका अँटेना झकास. माझ्या अँटेनाचं थोडं परत यायचंच. किती वर्षं मी तार कापली, जोडली, वर केली, खाली केली, काटा काही शून्यावर टेकायचा नाही.

त्या दिवशी बटण दाबलं, आणि काटा शून्यावर! हललासुद्धा नाही!

मी तर बघतच राहिलो. पुन्हा दाबलं. शून्य! सगळी शक्ती बाहेर, परत काही नाही. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. जे मला कधी जमलं नाही ते आंधीनं एका दुपारी करून दिलं होतं! मी हिला बोलावून दाखवलं.

"हे बघ! अँटेना आयुष्यात इतका चांगला नव्हता."

"बरं," ही म्हणाली. "मग बोला की."

मी हेडफोन लावले आणि हाक मारली. चौधरी सर? उत्तर नाही. पुन्हा हाक. नाही. अहो, चौधरी सर म्हणजे असा माणूस की स्वतःच्या मुलाच्या हळदीच्या दिवशीसुद्धा सकाळी रेडिओवर हजर होता! तो गप्प? मी नागपूरच्या डॉक्टरांना हाक मारली. गप्प! इंदूर? गप्प! नुसती खरखरसुद्धा नाही. कानात इतकी शांतता की माझ्याच मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली.



आता तुम्ही म्हणाल, गृहस्था, तुला तेव्हा शंका नाही आली? खरखर का नाही, असं नाही वाटलं? वाटलं ना! आणि त्याचंही उत्तर मी लगेच काढलं. खरखर येते कशानं? विजेच्या तारांनी, पंख्यांनी, मोटारींनी. खरखर नाही, म्हणजे लाईट फक्त बुऱ्हाणपूरची नाही, पार भुसावळपर्यंत गेलेली! बघा कसं डोकं चालतं माझं! अँटेना उत्तम, हे मीटर सांगतंय. मी बोलतोय, हे मला माहीत आहे. तरी कुणी उत्तर देत नाही, याचा अर्थ उत्तर द्यायला तिकडे कुणी शिल्लक नाही. सरळ हिशेब.

मी हेडफोन काढले. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"वसंता," म्हटलं, "खाली बस."

"काय झालं दाजी?"

"भुसावळ बोलत नाहीये."

"मंग? झोपले असतील."

"अरे, अख्खं भुसावळ झोपतं का? आपल्याकडे आंधीचं फक्त शेपूट आलं असणार. तोंड तिकडे पडलंय. भुसावळ गेलं. रावेर वाटेतच आहे. तू समज काय ते."

रेखानं तोंडाला पदर लावला. नागपूरचं आणि इंदूरचं मी मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, उगीच लोक घाबरतील!

वसंता बिचारा म्हणाला, "दाजी, मी गाडी काढतो, रावेरपर्यंत जाऊन येतो. एवढं काय लांब आहे?"

"वेडा झालास का?" मी ओरडलो. "रस्त्यावर झाडं पडली असतील, खांब पडले असतील, तारा लोंबत असतील. पोरीचा साखरपुडा राहिला बाजूला, तूच जाशील!"

तेवढ्यात स्टेशनाकडून रेल्वेची शिट्टी ऐकू आली.

"गाडी आली ना दाजी!" वसंता उठलाच. "भुसावळकडून आली असेल."

"इटारसीकडून आली असेल," मी म्हटलं. "पुढं रस्ता नाही म्हणून इथंच उभी करतील. बघ तू."

एवढ्या ठामपणे सांगितलं की माझं मलाच पटलं.

या सगळ्या गोंधळात पुष्पाभाभी कधी दारात येऊन उभ्या राहिल्या, कुणाला कळलं नाही. त्या इंदूरकडच्या, हिंदी बोलतात. त्यांची मुलगी भुसावळला दिलेली.

"भाईसाब, क्या बोले? भुसावळ का क्या हुआ? मेरी बिटिया है वहाँ!"

मी उठून त्यांच्यापुढे हात जोडले. "भाभी, हिम्मत रखिए."

बस! आणखी काही बोलायची गरजच उरली नाही. त्यांनी जो टाहो फोडला तो कोपऱ्यावरच्या पानवाल्यापर्यंत गेला. पानवाल्याकडून पलीकडच्या बुधवारा मोहल्ल्यात. तासाभरानं बुधवाऱ्यातून एक माणूस सायकल मारत आमच्याकडे आला आणि मलाच सांगायला लागला, "काकासाहेब, ऐकलं का? तापीनं भुसावळ वाहून नेलं. रेडिओवर सांगितलं!"

आणि सांगतो तुम्हाला, मी त्याला म्हटलं, "बघा! म्हणजे माझं खरं निघालं!"

माझीच बातमी गावात फिरून माझ्याकडे आली, आणि मी ती पुरावा म्हणून ठेवून घेतली!

पण सगळ्यांत मोठं पाप अजून पुढंच आहे. पल्लवी आतल्या खोलीत तयार होत होती. हिरवी साडी, हातावर मेंदी. ती दारात आली. चेहरा पांढरा फटक.

"फुवा, सच्ची सांगा. निखिलला काही झालं नसेल ना?"

आता शहाण्या माणसानं काय म्हणायचं? "काही नाही होत बेटा, येतील सगळे." एवढं म्हणायला काय गेलं असतं माझं? पण मी पडलो काट्यावरचा माणूस. खोटी आशा कशी दाखवणार? मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "बेटा, मनाची तयारी ठेव."

अहो, पोरगी उभ्या उभ्या खाली बसली! रेखा आणि ही धावल्या. पाणी मारलं, कांदा हुंगवला. नंतर तिनं साडी सोडली, तोंड धुतलं, आत्याचा जुना गाऊन घातला आणि डोक्याला ओढणी करकचून बांधून भिंतीकडे तोंड करून पडली. तिच्या हुंदक्यांनी माझंही काळीज हललं. मला वाटलं, आपण कसे या घराचे आधार! कसं धैर्यानं सांभाळतोय सगळ्यांना!

मग जिलेबीचा प्रश्न आला. आचाऱ्याचं जेवण तयार, जिलेबीची परात येऊन पडलेली, दराब्याचे डबे. वसंता म्हणाला, "आता हे कुणाच्या घशाखाली उतरणार?" तेव्हा मीच, हो, मीच म्हटलं, "मागच्या गल्लीत पत्रे उडालेत, त्या घरांत चुली पेटल्या नाहीत. त्यांना वाटून टाका. तेवढंच पुण्य." सगळ्यांना पटलं. अर्ध्या तासात परात पुसल्यासारखी रिकामी. ती माणसं जेवली, ते एक त्या दिवशी माझ्या हातून चांगलं झालं. बाकी आनंद!

मी पुन्हा रेडिओवर बसलो. म्हटलं, आपलं कर्तव्य सोडायचं नाही. हेडफोन लावले, डोळे मिटले, आणि आवाज चढवून हाका सुरू केल्या. "भुसावळ, भुसावळ, बुऱ्हाणपूर बोलतंय. कुणी जिवंत असेल तर उत्तर द्या!"

खांद्यावर हात पडला. मला वाटलं वसंता.

"थांब रे," मी डोळे न उघडता म्हटलं. "रावेरच्या लोकांसाठी शेवटचा प्रयत्न करतोय."

"करा, करा," मागून आवाज आला. "पण रावेरचे लोक तर बाहेर उभे आहेत."

मी वळून बघितलं. निखिलचे वडील! प्रल्हादभाऊ! पांढरेशुभ्र कपडे, डोक्याला टोपी, कपाळाला गंध! त्यांच्या मागं दारात मंडळीच मंडळी, हातांत फळांची ताटं, साडीचा पुडा, हार. बाहेर दोन गाड्या. आणि मी असा किंचाळलो, असा किंचाळलो, की माझ्याच हेडफोनची वायर माझ्या गळ्याला अडकली!

"तुम्ही... तुम्ही आहात?"

"म्हणजे काय? वेळेवरच आलो ना?"

"तिकडे आंधी...?"

"आंधी? छे हो! तिकडे पानसुद्धा हललं नाही. जरा गार वारा सुटला रात्री, झोप छान लागली. तुमच्या हद्दीत शिरलो तेव्हा झाडं पडलेली दिसली."

वसंता मोरीतून बनियन-लुंगीवर बाहेर आला, पाहुण्यांना बघून तसाच उलटा मोरीत गेला. आवाज ऐकून पल्लवी आतून आली. डोक्याला ओढणी, अंगात आत्याचा गाऊन, डोळे सुजलेले. समोर निखिल.

तिनं काय केलं असेल? अहो, पोरगी ओरडली आणि सगळ्यांसमोर धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडली! त्याची आई उभी, आजी उभी, मामा उभे. निखिलच्या हातातलं फळांचं ताट गेलं, सफरचंदं पार पलंगाखाली. तो बिचारा दोन्ही हात हवेत धरून उभा, कुणीतरी पिस्तूल रोखल्यासारखा.

"तू ठीक आहेस ना? तू ठीक आहेस ना?" पल्लवीचं एकच.

"अगं हो! काय झालंय? गाडीत एसी होता!" निखिल म्हणाला.

तेवढ्यात पुष्पाभाभी पदर सावरत धावत आल्या. "आप लोग भुसावळ की तरफ से आये? वहाँ कोई बचा है?"

निखिलची आई गोंधळून गेली. "बचा है म्हणजे? कालच तर भुसावळला बाजार केला आम्ही. हे हार तिथलेच. बघा, ताजे आहेत अजून."

पुष्पाभाभींनी हार हातात घेऊन पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. ती नजर, काय सांगू, अजून गल्लीत समोर आल्या की मी खाली बघतो.

पण खरी पंचाईत आता पुढं होती. प्रल्हादभाऊंनी घरात नजर फिरवली. बैठकीला सतरंजी नाही. स्वयंपाकघरात घासून पालथी घातलेली पातेली. जिलेबीची रिकामी परात. मुलगी गाऊनमध्ये, मुलीचा बाप मोरीत. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"वसंतराव," ते म्हणाले, "मन बदललं असेल तर सरळ सांगायचं होतं. एवढी माणसं घेऊन आलो मी. गावात काय तोंड दाखवू?"

वसंता तसाच मोरीतून धावत बाहेर आला, चेहऱ्याचा रंग उडालेला. सोयरीक मोडायला आली हो! पोरगी रडतेय, बाप गयावया करतोय, आणि माझ्या घरात, माझ्यामुळे! "नाही हो, नाही हो भाऊ," वसंता हात जोडत म्हणाला, "आम्हाला वाटलं तुम्ही... म्हणजे... दाजींनी सांगितलं की..."

"काय सांगितलं?"

शेवटी ही बोलली. या घरात खरं बोलायची वेळ आली की हीच बोलते.

"यांनी सांगितलं, तुम्ही सगळे वाहून गेलात."

सगळी खोली माझ्याकडे वळली. रावेरची आजीसुद्धा.

आता मी माफी मागावी की नाही? चूक झाली म्हणून पाय धरावेत की नाही? आणि मी काय बोललो असेन?

"असं कसं होईल?" मी म्हटलं. "मीटर बरोबर होतं!"

समोर माणसं धडधाकट उभी होती, आणि मी मीटरचं बघत होतो! निखिलला मात्र गंमत वाटायला लागली. पल्लवीचा हात न सोडता तो म्हणाला, "फुवा, चला ना, वर जाऊन बघू." प्रल्हादभाऊ फुरफुरतच निघाले, त्यांच्यामागं मामा, मागं सगळी वरात. दोन मामांनी खांदा लावला आणि जिन्याचं दार धाडकन उघडलं.

गच्चीवर गेलो आणि मी डोकंच धरलं.

खांब उभा होता. एवढंच उभं होतं! टाकीकडची तार तुटून कुठं गेली तिचा पत्ता नाही. दुसऱ्या बाजूची तार वरून सैल होऊन पार पुष्पाभाभींच्या गच्चीवर उतरली होती, आणि तिच्यावर ओळीनं टॉवेल, परकर, त्यांच्या यजमानांची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी आणि एक चादर वाळत होती. चिमट्यांसकट!

"तार नीचे आ गई थी," पुष्पाभाभी मागून म्हणाल्या. "मैं समझी, भाईसाब ने हमारे लिए बाँध दी."

पण एवढं असूनही काटा शून्यावर कसा? माझं इन्स्ट्रुमेंटवाल्याचं डोकं तिथंच अडकलेलं. कठड्याजवळ केबलचा एक जोड होता. मी वाकून तो फिरवला, उघडला, आणि भळाभळा पाणी! अहो, नळाला येत नाही एवढं! वरची प्लास्टिकची डबी फुटली होती आणि आडवा पाऊस रात्रभर केबलमध्ये झिरपला होता. मी खालून जे काही पाठवत होतो ते सगळं त्या पाण्यानं वाटेतच गिळलं. वर काही पोचलंच नाही, तर परत काय येणार, कपाळ! म्हणून काटा शून्य! आणि वरून खालीही काही येत नव्हतं, म्हणून ती शांतता. भुसावळ ठणठणीत होतं. चौधरी सर तिकडे मला हाका मारून थकले होते. बुडालो होतो तो मी!

आणि यातली भयंकर गोष्ट सांगू? नवी पोरं रेडिओवर आली की त्यांना हा धडा मीच देतो. "बाळांनो, वादळानंतर मीटर फार चांगलं दिसायला लागलं तर आधी केबल तपासा." मीच! प्रत्येकाला!

मी पायावर पाणी घेऊन तसाच उभा. वर बघायची हिंमत होईना. मग पाठीमागून एक विचित्र आवाज आला, खोकल्यासारखा. बघतो तर प्रल्हादभाऊ. कठड्याला टेकून, पोट धरून, टोपीत तोंड खुपसून हसतायत. त्यांचं बघून मामा, मामांचं बघून आजी. निखिलची आई डोळे पुसत पल्लवीजवळ गेली आणि म्हणाली, "एवढा जीव लावलास गं माझ्या पोराला! मला तर अजून एवढं रडू त्याच्यासाठी कधी आलं नाही."

हुश्श! माझ्या जिवात जीव आला.

घरात होते ते डाळ-तांदूळ एकत्र करून खिचडी टाकली. साखरपुड्याला खिचडी, ऐकलंय कधी? पाहुण्यांनी मागून मागून खाल्ली. पल्लवी पुन्हा हिरवी साडी नेसली, अंगठ्या झाल्या, आणि मग रीतीप्रमाणे थोरामोठ्यांची बैठक बसली, देण्याघेण्याचं बोलायला. वसंता समोर ताठ बसलेला.

प्रल्हादभाऊ म्हणाले, "आम्हाला मानपान नको, भांडी नको, सोनं नको. लग्न तुम्हाला जमेल तसं करा." सगळ्यांचे चेहरे खुलले. तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "पण आमची एक अट आहे. ती मान्य नसेल तर विचार करावा लागेल."

वसंतानं माझ्याकडे पाहिलं. मला घाम फुटला. गाडी मागतात की काय? प्लॉट? मी मनात ठरवून टाकलं, माझ्यामुळे आधीच एवढा घोळ झालाय, काय मागतील ते मी देईन, रेडिओ विकीन!

"अट अशी," प्रल्हादभाऊ माझ्याकडे बोट करून म्हणाले, "मुहूर्त असो, निरोप असो, कुणी आलं असो, कुणी गेलं असो, या घरातून आमच्याकडे जी काही खबर येईल ती फुवांकडून येता कामा नये. उद्या आम्ही गेलो तरी आम्हाला तुमच्याकडून कळायला नको!"

मी वसंताकडे पाहिलं. म्हटलं, बाबा रे, निदान तू तरी तुझ्या दाजींची बाजू घे. तो तोंड उघडणार, तेवढ्यात आतल्या दारातून खणखणीत आवाज आला. एवढा खणखणीत, की त्या दिवशी भुसावळपर्यंत पोचला असेल तर तोच.

"मंजूर!"

आमची ही.